बुडीत क्षेत्रातील रम्य दिवस

मराठी ललित गद्यात सहलीच्या वर्णनाचा एक ठरीव साचा आहे. पहाटेचा गारवा, वाटेवरचा चहा, मग एकाएकी समोर उलगडणारे निळे पाणी, काठावरची शिदोरी, गप्पा, गाणी, आणि शेवटी सूर्यास्ताच्या साक्षीने 'यांत्रिक जीवनातून' मिळालेल्या मुक्तीचे चार उद्गार. हा साचा आम्ही शाळेत शिकलो, महाविद्यालयात शिकवतो आणि संधी मिळाली की वापरतोही. गेल्या डिसेंबरात एका रविवारी बेंबळ्याच्या जलाशयावर घालवलेल्या दिवसाने मात्र त्याविषयी आमच्या मनात काही प्रश्न उभे केले. ते येथे मांडावेत, असे वाटते.

आम्ही पाच जण होतो. चौघे मराठीचे आणि एक भूगोलाचे. यवतमाळहून धामणगावच्या रस्त्याने बाभुळगाव, आणि तेथून पुढे खडक सावंग्याकडे. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी आणि शेंगांनी वाकलेली तूर. बेंबळा ही वर्धा नदीची उपनदी. तिच्यावरील धरणाचे पाणी हिवाळ्यात इतके दूरवर पसरलेले असते, की पलीकडचा काठ धुक्याच्या रेघेसारखा दिसतो. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी आणि थर्मासातला चहा. आवाज म्हणावा तर वाऱ्याचा आणि पाखरांचा. शांतता होती आणि ती खरी होती, हे आधीच नमूद केले पाहिजे. पुढील विवेचन त्या शांततेला खोटे ठरवण्यासाठी नाही.

पाण्यावर केशरी अंगाच्या, फिक्या डोक्याच्या बदकांची एक जोडी तरंगत होती. भूगोलाच्या सरांनी दुर्बीण आमच्या हाती दिली आणि म्हणाले, "हे तुमचे चक्रवाक." आम्ही चौघेही क्षणभर ओशाळलो. रात्री परस्परांपासून दुरावून दोन काठांवरून साद घालणारे हे जोडपे आम्ही कित्येक वर्षे विरहाचा कविसंकेत म्हणून वर्गात शिकवीत आलो आहोत. संस्कृत काव्यातून ते मराठीत कसे आले, हेही सांगतो. पण लडाख-तिबेटकडून दर हिवाळ्यात आमच्याच जिल्ह्यातील जलाशयांवर उतरणारा हा पक्षी समोर आला, तेव्हा आम्हांला तो ओळखता आला नाही. संकेत पाठ होता, पक्षी अनोळखी होता.

दुपारी एक वृद्ध गृहस्थ शेळ्या घेऊन काठाने आले. आम्ही चहा पुढे केला. "तुम्ही मास्तर लोकं काय?" त्यांनी विचारले. मग काठीने पाण्याकडे खूण करून ते सहजपणे म्हणाले, "थे वाळलेलं झाड दिसते ना पाण्यात, थ्याच्या अलीकडं आमचं वावर होतं. बापानं वाह्यलेलं." आम्ही गप्प झालो. सांत्वनाचे काही बोलावे, तर त्यांच्या स्वरात तशी मागणी नव्हती. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "आता वावर दिसत नाई, तं पाणी पाह्यतो. बरं वाटते." आणि शेळ्यांमागे निघून गेले.

परतीच्या वाटेवर आमच्यापैकी एका मॅडमना एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत आम्ही 'अविस्मरणीय सहल' हा निबंध दिला होता. एका विद्यार्थिनीने धरणावरील सहलीचे वर्णन केले होते: निसर्गाच्या कुशीत, निळेशार पाणी, मन प्रसन्न झाले. भाषा शुद्ध, परिच्छेद आखीव. आम्ही चांगले गुण दिले आणि वर्गात वाचूनही दाखवला. ती पुनर्वसित गावातील होती, तिच्या आजोबांचे घर त्याच पाण्याखाली गेले होते, हे आम्हांला पुष्कळ नंतर, भलत्याच संदर्भात कळले. निबंधात त्याविषयी एक अक्षर नव्हते. लपवावे असे त्यात तिला काही वाटले असेल, असे नाही. निबंधात ते लिहायचे नसते, एवढेच ती आमच्याकडून शिकली होती.

हा दोष परंपरेवर टाकता येणार नाही. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (1956) वाचताना प्रत्येक महिन्याचे झाड, फूल, रंग नेमकेपणाने पाहिलेले आढळतात. तेथे ठोकळ 'निसर्ग' नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची, पाण्याची नावे गोळा केली. 2006 च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्या शब्दधनाचाही तो गौरव होता. या दोघांच्या लेखनात पाहणे आणि जाणणे वेगळे काढता येत नाही. आम्ही त्यांच्याकडून पाहण्याची शिस्त घेतली नाही, केवळ प्रसन्नतेचा सूर घेतला.

दुसरीकडे, धरणग्रस्तांचे जगणे मराठीत आलेच नाही, असेही नाही. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' 1991 साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ती कादंबरी आम्ही आस्थेने शिकवतो. परंतु आमच्या अध्यापनात दोन वेगळे कप्पे पडले आहेत. विस्थापन आले की ती सामाजिक कादंबरी, आणि पाण्यावरचा संधिप्रकाश आला की तो ललित निबंध. पहिल्या कप्प्यात सौंदर्याला जागा नाही, दुसऱ्यात इतिहासाला. बेंबळ्याच्या काठावर मात्र दोन्ही एकाच पाण्यात होते.

यवतमाळ जिल्ह्यात तर हा प्रश्न टाळता येण्याजोगाच नाही. बेंबळा, अरुणावती, पूस, पैनगंगेवरील इसापूर: आम्ही ज्यांच्या काठी सहली काढतो ते येथील मोठे जलाशय माणसांनी नद्या अडवून निर्माण केलेले आहेत. त्यांच्याबरोबर एक शब्दसंपत्तीही आली आहे. सांडवा, कालवा, पाणलोट, बुडीत क्षेत्र, नवे गावठाण; पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत घेतली जाणारी गाळपेर. हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या घरात रोज वावरतात, पण निबंधाच्या उंबरठ्यावर त्यांना अडवले जाते, कारण ते 'शासकीय' किंवा 'रुक्ष' वाटतात. 'बुडीत' हा एकच शब्द घ्या. कर्जही बुडीत आणि शेतही बुडीत. आमच्या भागात या दोन अर्थांमध्ये किती अनुभव साठला आहे, हे कोणत्याही शब्दकोशापेक्षा येथील मुलांना अधिक कळते.

शिवाय या पाण्याशी आमचे नाते केवळ प्रेक्षकाचे नाही. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले, तेव्हा शहरात कित्येक दिवसांच्या अंतराने नळ येत होते. त्या दिवसांत घरोघरी बेंबळ्याचे पाणी शहरात आणण्याच्या योजनेची चर्चा होती, आणि आम्हीही ते पाणी लवकर यावे म्हणून आतुर होतो. कोणाच्या वावरावर ते साठले आहे, असा विचार आमच्या मनात आल्याचे स्मरत नाही. तहान लागली असता तो विचार कदाचित कोणाच्याच मनात येत नाही. पण शांतपणे काठावर बसून लिहिताना तो यायला हरकत नसावी.

आमच्या एका मित्राने परतताना आक्षेप घेतला होता. "वर्षातून एक दिवस माणूस मोकळा होतो. त्यालाही हिशेब मांडायला लावणार का? प्रत्येक पाण्याखाली काहीतरी बुडालेले असतेच." आक्षेप खोटा नाही. केवळ अपराधभावनेने लिहिलेला निबंधही लवकरच साचा होतो, आणि तोही गुण मिळवून देतो. रम्यतेच्या जागी करुणेचा साचा बसवावा, असे आमचे म्हणणे नाही.

आमचे म्हणणे त्या वृद्धाच्या वाक्यापाशी येऊन थांबते. वावर गेले, हे त्यांनी सांगितले. पाणी पाहून बरे वाटते, हेही त्यांनीच सांगितले. एका गोष्टीने दुसरी त्यांना खोटी करावी लागली नाही. जे आम्हांला दोन साहित्यप्रकारांत विभागावे लागते, ते त्यांनी दोन लहान वाक्यांत शेजारी ठेवले. शांतता बुडालेल्या शेताची आठवण सोसू शकते. आठवणीने नाहीशी होणारी शांतता बहुधा पाण्यावर नसून आमच्या शब्दांतच असते.

या सत्रात आम्ही 'अविस्मरणीय सहल' हा विषय काढून टाकला आहे. त्याऐवजी 'आमच्या गावाचे पाणी' असा विषय दिला आहे, आणि घरात जो शब्द वापरता तोच लिहा, अशी सूचना केली आहे. उत्तरपत्रिका अजून हाती यायच्या आहेत. त्यांत शुद्धलेखनाच्या चुका असतील, 'थे' आणि 'वावर' असतील. त्या तपासताना लाल शाई कोठे वापरायची आणि कोठे आवरायची, ही परीक्षा या वेळी आमची आहे.