वाकणारी गाडी

माणसाने वाकावे हे आम्ही वर्गात शिकवतो; मोटारही वाकते, हे यंदाच कळले. रेंज रोव्हरच्या चाकांशी पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. दारात थांबल्यावर त्यांतली थोडी हवा सोडली, की ही धिप्पाड गाडी सुमारे ५ सेंटीमीटर खाली बसते. मागचे दार बटणाने उघडते, पडद्यावर चोहोकडचा रस्ता दिसतो, तेही ठीकच. पण खरी मौज त्या ५ सेंटीमीटरांत! आमच्या आईचे गुडघे असे, की उंच गाडीत चढवत नाही आणि बसक्या गाडीतून उठवत नाही. वर्षभर ती घराबाहेर पडली नव्हती. मेहुण्यांच्या ह्या गाडीत मात्र ती कोणाचा हात न धरता बसली आणि म्हणाली, "पंढरपूर किती लांब रे?"

१९७० साली विलायतेत निघालेली ही गाडी आतून नळीने धुता येई, इतकी साधी होती. २००८ साली टाटांनी ती कंपनी घेतली; २०२४ साली गाडीची जुळणी पुण्यातही होऊ लागली. आता तिच्या खुर्च्या पाठ चेपून देतात. नळी मात्र लावू नका. मेहुणे कायमचे तुटतील.