थांबलेला पाळणा

वाचकहो, विहिरीतला गाळ काढण्यासाठी दोराने खाली उतरलेल्या माणसाला कधी विचारून पाहा, की बाबा, भीती नेमकी केव्हा वाटते? राहाट फिरत असेतो त्याचे मन हातातल्या कामात गुंतलेले असते. पण दोर मध्येच थांबला आणि वरच्या मंडळींचा आवाज ऐकू येईनासा झाला, की वर किती आणि खाली किती याचा हिशेब तो मनाशी करू लागतो. दोर तोच, माणूस तोच आणि खोलीही तीच. तरी थांबण्याने भीतीला तोंड फुटते.

हाच अनुभव, पण जमिनीच्या पोटात नव्हे तर उंच हवेत, बर्फाळ देशांतील असंख्य माणसे दर हिवाळ्यात घेत असतात. तेथे पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याचा खेळ फार लोकप्रिय आहे. त्या फळ्यांना स्की म्हणतात. घसरत खाली येणे हे काही मिनिटांचे काम. परंतु पुन्हा माथ्यावर चढायचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो. म्हणून पायथ्यापासून माथ्यापर्यंत पोलादी दोर ताणून त्याला खुर्च्या किंवा बंद पाळणे टांगतात. आपल्या देशात काश्मिरातील गुलमर्ग येथे असा रज्जुमार्ग आहे; त्याचा वरचा टप्पा २००५ साली सुरू झाला. रायगडावर १९९६ पासून जो पाळणा चालतो तो बर्फासाठी नाही. पण त्यात जे बसले असतील, त्यांना पायांखालची जमीन दूर दूर जाताना पोटात कसा खड्डा पडतो हे सांगावयास नको.

खुर्च्यांच्या या वाहनाचा जन्म मोठा मौजेचा आहे. १९३६ साली अमेरिकेतील आयडाहो राज्यात, सन व्हॅली येथे, युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने बर्फावरील खेळांसाठी एक विश्रामस्थान उभारले. प्रवाशांना डोंगरावर नेण्याची युक्ती कंपनीच्या अभियंत्यांना शोधावयाची होती. त्यांपैकी जेम्स करन यांनी पूर्वी उष्ण प्रदेशात जहाजांवर केळी चढविण्याची यंत्रे केली होती. फिरत्या दोराला आकडे लावलेले असत आणि त्यांवर केळीचे घड लटकत जहाजात जात. करन यांनी आकड्याच्या जागी खुर्ची लावली आणि घडाच्या जागी माणूस बसविला! धावत्या खुर्चीने माणसाला किती वेगाने उचलावे म्हणजे तो कोलमडणार नाही, हे पाहण्यासाठी एका मालमोटारीच्या बाजूला खुर्ची टांगून त्यांनी प्रयोगही केले. यंत्र यशस्वी झाले. केळीच्या घडाला भीती वाटत नाही आणि माणसाला वाटते, एवढी एकच अडचण तेवढी शिल्लक राहिली.

साधारणतः अशा खुर्च्या दोन-तीन मजली घराच्या उंचीवरून जातात. परंतु डोंगर काही आखून दिल्यासारखे सरळ नसतात. मध्येच एखादी घळ येते, एखादा कडा तुटलेला असतो, खाली ओढा वाहत असतो. तेथे खांब रोवण्यास घट्ट जागा मिळत नाही. मिळाली तरी वरून कोसळणारे बर्फाचे लोट खांबाला टिकू देत नाहीत. मग दोर या धारेवरून त्या धारेवर एकदम नेतात. दोर आपल्या रेषेत पुढे जातो आणि जमीन मात्र खाली खाली निघून जाते. उघड्या खुर्चीत बसलेल्याला पाठीशी टेकण असते, पुढे एक आडवी दांडी असते. पाय अधांतरी लोंबत असतात आणि पायांना जड फळ्या बांधलेल्या असतात. अशा वेळी मोठमोठ्या धीराचे लोकही खाली पाहण्याचे टाळून समोरच्या खुर्चीवर नजर खिळवितात.

अधिक उंचीवरून जावयाचे असेल तर उघडी खुर्ची वापरीत नाहीत; बंद पाळणा वापरतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हिसलर आणि ब्लॅककोंब हे दोन डोंगर समोरासमोर उभे आहेत. २००८ सालच्या डिसेंबरात त्यांच्या मधल्या दरीवरून एक रज्जुमार्ग सुरू झाला. त्याची लांबी ४.४ किलोमीटर असून एवढ्या अंतरात खांब अवघे चार आहेत. मधला सुमारे ३ किलोमीटरांचा दोर कोठेही आधार न घेता हवेत लोंबतो, आणि दरीतल्या ओढ्यापासून पाळण्याची उंची ४३६ मीटर भरते. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. तसे जवळजवळ सहा मिनार एकावर एक रचले तर त्या पाळण्याला टेकतील. हा प्रवास ११ मिनिटांचा आहे. काही पाळण्यांना तर तळाशी काच बसविली आहे, ज्याला हौस असेल त्याने खाली पाहावे! पुढे २०१७ साली जर्मनीतील त्सुगश्पिट्झे या शिखरावर नवा रज्जुमार्ग झाला. त्याला एकच खांब आहे, तो १२७ मीटर उंच. आणि तेथून शिखरापर्यंतचे ३,२१३ मीटर अंतर दोर निराधार पार करतो.

आता मुख्य प्रश्न असा, की एवढा भार धरतो कोण? १८३४ पर्यंत खाणींतून खनिज वर ओढण्यासाठी तंतूंचे जाड दोर किंवा लोखंडी साखळ्या वापरीत. दोर कुजत आणि साखळ्या तुटत. जर्मनीच्या हार्त्स डोंगरातील खाणींवरील अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांच्या ध्यानात साखळीतला दोष आला. शंभर कड्यांपैकी एक निकामी झाली की उरलेल्या नव्व्याण्णव कड्यांच्या बळाचा काही उपयोग राहत नाही. म्हणून त्यांनी लोखंडाच्या तारा घेतल्या आणि आपण काथ्याचा दोर वळतो तशा त्या एकमेकींभोवती वळल्या. अशा दोरातील एक तार तुटली तर शेजारच्या तारा तिचा भार उचलतात. पुढे काही अंतरावर तीच तुटलेली तार इतरांच्या आवळण्याने पुन्हा आपला वाटा उचलू लागते. त्यामुळे पोलादी दोर सहसा अकस्मात दगा देत नाही. आपल्या दुखण्याची सूचना तो आधी देतो. मात्र ती सूचना पाहणारा कोणी हवा.

आणि पाहणारे असतात. पहिला प्रवासी चढण्यापूर्वी सकाळी रिकाम्या पाळण्यांची एक फेरी काढतात. दोराच्या आतली न दिसणारी तार तुटली आहे का, हे चुंबकाच्या यंत्राने वेळोवेळी तपासतात. खांबांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे असतात. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की वाहतूक बंद. खांबांवरील कप्प्यांपाशी एक लहानशी ठिसूळ दांडी बसविलेली असते. तिचे काम एकच, योग्य वेळी मोडणे! दोर कप्पीवरून घसरला तर तो त्या दांडीवर पडतो, दांडी मोडते, विजेचा प्रवाह तुटतो आणि सारा रज्जुमार्ग जागच्या जागी थांबतो.

वाचकहो, येथेच आपण आरंभीच्या प्रश्नाकडे परत येतो. अधांतरी पाळणा थांबला म्हणजे आत बसलेल्याला वाटते, काहीतरी बिघडले. लहान मुले रडू लागतात, मोठी माणसे यंत्र चालविणाऱ्याला दोष देतात. पण खुर्च्यांच्या रज्जुमार्गात थांबण्याचे नेहमीचे कारण अगदी साधे असते. खाली चढताना कोणी नवखा अडखळून पडलेला असतो, किंवा वर उतरताना एखाद्या मुलाची फळी अडकलेली असते. तेथील सेवक कळ दाबतो, पडलेल्याला हात देऊन उठवितो आणि मगच यंत्र पुन्हा चालू करतो. म्हणजे दरीवर लोंबकळत आपण ज्या क्षणाला शिव्या देतो, त्या क्षणी कोठेतरी कोणाचे तरी हाड वाचलेले असते. पुढच्या खेपेस तो पडणारा आपलाच मुलगा असू शकतो.

याच्या उलट, न थांबण्याच्या हट्टाने काय होते, ते इटलीने दोनदा पाहिले. १९७६ च्या मार्चमध्ये काव्हालेझे येथे बर्फावर खेळून परतणाऱ्या लोकांचा पाळणा कोसळला आणि चाळीसांहून अधिक माणसे प्राणास मुकली. एक चौदा वर्षांची मुलगी तेवढी वाचली. एक दोर दुसऱ्यावर चढून घासला आणि तुटला. अशा वेळी यंत्र आपोआप थांबविणारी व्यवस्था तेथे होती. ती बंद करून ठेवलेली होती.

पंचेचाळीस वर्षांनी, २३ मे २०२१ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, माज्जोरे सरोवराकाठच्या मोत्तारोने डोंगरावर पाळणा माथ्याजवळ पोहोचत असता त्याला ओढणारा दोर तुटला. असे घडले तर पाळण्याचा आपत्कालीन ब्रेक आधाराच्या दोराला घट्ट चावा घेतो आणि पाळणा जागीच अडतो. त्या दिवशी ब्रेक चावला नाही. तपासात उघड झाले की त्याच्या जबड्यात लोखंडी अडसर घालून तो उघडा ठेवलेला होता. तो ब्रेक काही दिवसांपासून वरचेवर लागत होता, पाळणा थांबत होता आणि वाहतुकीचा खोळंबा होत होता. म्हणून त्याचे तोंड बंद करण्यात आले होते. पाळणा उताराने मागे धावला. आतील १५ जणांपैकी १४ जण गेले. पाच वर्षांचा एक बालक वाचला. त्याच्या घरची सारी माणसे त्या पाळण्यातच गेली.

या दोन्ही घटनांत उंचीचा अपराध नव्हता. पडणाऱ्याला दहा पुरुष काय आणि शंभर पुरुष काय, सारखेच. दोर तुटू शकतो हे अभियंत्यांना ठाऊक होते, म्हणून तर त्यांनी ब्रेक बसविला होता. ब्रेक कुरकुरत होता हेही माहीत होते. दुरुस्तीसाठी पाळणे उभे ठेवावे लागले असते आणि तेवढे तिकिटांचे पैसे बुडाले असते. एवढीच त्या अडसराची किंमत होती. तो घालणाऱ्या हाताला कोणाचा जीव घ्यावयाचा नव्हता. त्याला फक्त कटकट नको होती.

आपल्यापैकी फारच थोडे लोक कॅनडाच्या त्या दरीवरून जातील. तथापि असे अडसर घालण्याची संधी आपल्या प्रत्येकाच्या हाताशी असते. ट्रॅक्टरचा ब्रेक लागत नाही, पण पेरणी आटोपू द्या. विजेच्या पंपाचा फ्यूज वारंवार उडतो, म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळा. उसाच्या चरकाचे जाळीचे झाकण हाताला अडते, म्हणून ते काढून ठेवा. घरात एखादे वडील माणूस प्रत्येक गोष्टीत ‘थांबा, जरा पाहू’ म्हणते, म्हणून त्याला न विचारताच व्यवहार उरका. दर वेळी काम सुरळीत चालते आणि आपल्याला आपल्या चातुर्याचे कौतुक वाटते. फ्यूज का उडत होता, हे मात्र कोणी पाहत नाही.

आणि आपणापैकी कोणी कधी पाळण्यात बसलाच आणि तो मध्ये थांबला, तर एवढे ध्यानात ठेवावे. दांडी उचलू नये. उडी तर मुळीच टाकू नये. खाली बर्फ मऊ दिसतो, पण उंची डोळ्यांना फसविते. मुलाला जवळ घ्यावे आणि वाट पाहावी. मुख्य यंत्र बंद पडले तर पाळणे आणण्यासाठी दुसरे यंत्र तयार असते; तेही चालले नाही तर शिकविलेली माणसे दोरावरून येऊन एकेकाला खाली उतरवितात. मुलाने विचारले, ‘आपण का थांबलो?’ तर त्याला सांगावे, ‘पुढे कोणीतरी पडले असेल, बाळ. त्याला उठवीत असतील.’

बहुधा ते खरेच असते. थोड्या वेळाने दोर हलतो, खुर्ची हलकासा झोका घेते आणि पायांखालची दरी पुन्हा मागे सरू लागते.