स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे, राव!

मंडळी, पावसाळ्यातल्या शनिवारी आम्ही लोणावळेकर शक्यतो घराबाहेर पडत नाही. भुशीकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला असतो, दूधसुद्धा सकाळी सातच्या आत आणावं लागतं. त्यामुळे भांडायला भरपूर वेळ आहे आणि आजचं भांडण स्क्रीनशॉटशी आहे.

म्हणजे स्क्रीनशॉट घेण्याशी नाही हं. तो मीही दिवसातून दहा वेळा घेतो. विंडोज-शिफ्ट-एस दाबायचं, चौकोन ओढायचा, चिकटवायचा. बटण चुकीच्या जागी दिसतंय हे टेस्टरने मला शब्दांत सांगण्यापेक्षा चित्र पाठवलेलं केव्हाही बरं. माझं भांडण आहे ते "स्क्रीनशॉट आहे ना माझ्याकडे!" या वाक्याशी. हे वाक्य म्हणताना माणसाच्या चेहऱ्यावर खिशात कोर्टाचा निकाल असल्याचा भाव असतो.

आमच्या नात्यातले एक काका आहेत. नुकतेच रिटायर झाले. रिटायर झालेल्या पुणेकराला मावळात दोन-चार गुंठे घ्यायची जी हुक्की येते ती त्यांनाही आली. एजंटने पवना धरणाच्या बाजूची जमीन दाखवली आणि रात्री व्हॉट्सॲपवर सातबारा पाठवला. काकांचा मला फोन, "अरे, सातबारा आलाय, नाव बरोबर आहे. उद्या टोकनचे पाच लाख देतोय." मी म्हटलं, "काका, पैसे देऊ नका, आधी मला तो सातबारा पाठवा." आला तो सातबारा नव्हताच. कोणीतरी लॅपटॉपवर उघडलेल्या सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट होता. स्क्रीनवर मावला तेवढाच. वर गट नंबर, मधे मालकाचं नाव आणि क्षेत्र. उजवीकडचा 'इतर अधिकार' रकाना अर्धा कापलेला आणि खालची 'प्रलंबित फेरफार' ही ओळ तर चौकटीच्या बाहेरच!

आता ज्यांनी सातबारा फक्त सिनेमात बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. मालकाचं नाव हा त्या कागदातला सगळ्यात निरुपद्रवी भाग असतो. खरी गंमत इतर अधिकारात. बँकेचा बोजा तिथे, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा शेरा तिथे, वन खात्याचा शेरा असला तर तोही तिथेच. विक्रीची नोंद मंजुरीसाठी अडकून पडली असेल तर ती प्रलंबित फेरफारात कळते. थोडक्यात, घेणाऱ्याने जे वाचायलाच हवं नेमकं तेच त्या चित्रात नव्हतं. मुद्दाम कापलं की लॅपटॉपची स्क्रीन लहान पडली, देव जाणे. स्क्रीनशॉटवरून हे कधीच सांगता येत नाही, आणि माझा पहिला आक्षेप हाच आहे. चौकटीबाहेर काय राहिलं याचा त्यात मागमूस नसतो. पानाची प्रिंट काढली तर निदान "पान १/२" असं तरी दिसतं.

बरं, जे चौकटीत आलं ते तरी धड? लॅपटॉपवर स्क्रीनशॉट बहुतेक वेळा पीएनजी फाइल म्हणून जतन होतो, त्यात एकही ठिपका हरवत नाही. पण तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की पुन्हा दाबून लहान केला जातो. मग चार ग्रुप फिरून आलेल्या चित्रात १ आणि ९ मधला फरक शोधत बसा. सातबाऱ्यावर रद्द झालेल्या नोंदी कंसात टाकून त्यांवर आडवी रेघ मारलेली असते. चित्र पुसट झालं की आधी जाणार ती बारीक रेघच. म्हणजे खोडलेलं नाव जिवंत! "हल्ली चित्रातून मजकूर काढता येतो की," असं कोणीतरी म्हणेलच. येतो. मॅकमध्ये २०२१ पासून आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये २०२३ पासून ती सोय आहे. पण जी रेघ चित्रातच उरली नाही ती यंत्राला कुठून दिसणार?

आणि हे सगळं पाठवणारा प्रामाणिक आहे असं धरून. नसेल तर? कुठल्याही वेबसाइटवर एफ-१२ दाबा, मजकुरावर क्लिक करा, हवं ते नाव टाइप करा आणि स्क्रीनशॉट घ्या. बँक बॅलन्स, सॅलरी स्लिप, "पेमेंट सक्सेसफुल", काहीही. अर्धा मिनिट लागतो. यात हॅकिंग वगैरे काही नाही, कॉलेजातली पोरं मार्कांसाठी हेच करतात :) मूळ पानच चित्र असेल तर पेंट आहेच.

कोर्टाला हे आपल्याआधी कळलंय. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, पण नक्कल दाखवायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर त्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅशही द्यावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. आत एक अक्षर बदललं की ठसा बदलला. (सरकारी कागदात हॅश हा शब्द वाचून मला जो आनंद झाला तो इंजिनियरलाच कळेल.)

आता विरुद्ध बाजू. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट कच्चा, पण गुपित फोडायला मात्र पक्का. आधार कार्डाचा नंबर कापून पाठवला म्हणजे झालं, असं वाटतं ना? मार्च २०२३ मध्ये उघड झालं की विंडोज ११ चं स्निपिंग टूल आणि विंडोज १० चं स्निप अँड स्केच कापलेलं चित्र त्याच फाइलवर जतन करताना जुन्या फाइलची शेपटी तशीच ठेवत होतं. कापलेला भाग बऱ्याच वेळा परत मिळवता येत होता! गूगलच्या पिक्सेल फोनातही तसाच घोळ निघाला. दोघांनीही दुरुस्ती केली, पण त्याआधी पाठवलेल्या फाइल ज्याच्या त्याच्या इनबॉक्समध्ये पडूनच आहेत. तुमच्या 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये डोकावून बघा. "स्क्रीनशॉट (२१४)" मध्ये पॅन कार्ड आहे की पिझ्झाची ऑर्डर, हे उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि तो फोल्डर क्लाउडवर आपोआप चढत असेल, तर आणखीच छान!

"पण सोपं पडतं ना!" हे उत्तर मी रोज ऐकतो. ऑफिसात ज्युनियर मंडळी एरर लॉगचा स्क्रीनशॉट पाठवतात, मजकूर नाही. तो शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि कामाची ओळ नेमकी खाली राहिलेली असते. सोपं पडतं ते पाठवणाऱ्याला. घेणाऱ्याने डोळे फोडायचे.

असो. काकांचं काय झालं ते सांगतो. स्क्रीनशॉटवरचा गट नंबर टाकून महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. पंधरा रुपये लागले. एजंटने दाखवला होता तो भूलेखवरचा बिनसहीचा, जो फक्त माहितीसाठी असतो. सहीच्या सातबाऱ्यात इतर अधिकारात बँकेचा बोजा निघाला. काकांनी टोकन दिलं नाही.

पण पुढची कडी ऐका. ती सही पीडीएफ फाइलच्या आत असते, चित्रात नाही. आणि काकांनी काय केलं? त्या सहीच्या पीडीएफचा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, "बघा, ओरिजिनल!"

तेव्हा एवढं करा. कागद असेल तर फाइल पाठवा, व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. वेबपान असेल तर लिंक द्या, जपून ठेवायचं असेल तर कंट्रोल-पी दाबून पीडीएफ करा, हेडर चालू असेल तर तारीख आणि पत्ताही त्यावर येतो. लोकलला मोबाइल तिकीट काढलं असेल तर ते ॲपमध्येच दाखवा, त्याचा स्क्रीनशॉट तिकीट म्हणून चालत नाही (मळवलीपर्यंतच जायचं असलं तरी). आणि जमिनीच्या एजंटला एवढंच सांगा, गाव आणि गट नंबर टाइप करून पाठव, सातबारा आम्ही काढतो. काकांना कालच दुसरी जमीन दाखवलीय, कार्ल्याजवळची. गट नंबर अजून आलेला नाही. नकाशाचा स्क्रीनशॉट आलाय.