तलवार म्यान!

आधी एक कबुली देऊन टाकतो. २०२४ च्या पावसाळ्यात हॉस्टेल कमिटीच्या ज्या बैठकीत ‘नेटवर्कवरचे सगळे गेम्स बंद’ असा ठराव पास झाला, त्या बैठकीत मीही होतो. आणि गप्प बसलो होतो.

कारणही तसंच होतं. सेकंड इयरच्या एका मुलाने मेसचे आणि परीक्षा फीचे पैसे मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात घालवले होते. त्याचे वडील गावाहून आले होते. रेक्टरांच्या खोलीत खुर्ची रिकामी असूनही ते दाराशीच उभे राहिले. मला म्हणाले, “सर, हे गेम गेम म्हणतात ते नेमकं काय असतं हो?” मी काय सांगणार? थोड्या वेळाने ठराव आला, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला.

यंदा तो ठराव पुन्हा बैठकीत यायचा आहे. त्या गृहस्थांना तेव्हा जे उत्तर देता आलं नाही ते इथे द्यायचा प्रयत्न करतो. थोडं लांबण लागेल, पण तुमची सबमिशन्स संपलीत, वाचा!

मी गणेशपुरीचा. भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीकाठचं गाव. बाहेरच्या लोकांना ते नित्यानंद बाबांच्या समाधीमुळे आणि गरम पाण्याच्या कुंडांमुळे माहीत असतं. आम्हाला कुंडं म्हणजे घरची न्हाणी. थंडीत पहाटे खांद्यावर टॉवेल टाकून निघायचं. भीमेश्वराच्या देवळापाशी पोचलं की वाफेत समोरचा माणूस दिसायचा नाही, नुसता खोकला ऐकू यायचा आणि त्यावरून कोणाचे काका ते ओळखायचं. पाणी गरम कशानं होतं याचं आजीचं उत्तर ठरलेलं होतं : वज्रेश्वरीने मारलेल्या राक्षसांचं रक्त जमिनीखाली अजून ऊन आहे.

पुढे हॉस्टेलवर सिव्हिलवाल्या रूम पार्टनरच्या जिऑलॉजीच्या पुस्तकात वाचलं की इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी बेसॉल्टमधल्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. पालघर-ठाण्यापासून पार राजापूरपर्यंत कोकणपट्टीत असे झरे आहेत. गंमत म्हणजे हे कळल्यावर कुंडात उतरताना मला जास्तच नवल वाटायला लागलं. अंगावर घेतोय ते पाणी कुठल्या जुन्या पावसाचं असेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. राक्षसाच्या रक्ताचं तसं नव्हतं, ते एकदा ऐकलं की संपत होतं.

आता म्हणाल, गेम्सच्या लेखात हे कुंड कुठून आलं? तर तसंच नवल मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलं ते अंबाडी नाक्यावरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये.

दहावीची सुट्टी. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही! चार मशीन्स, त्यांवर देवाला घालतात तसे कापडी झगे, आणि एका मशीनवर दोघं-तिघं. डॉसच्या कमांड्स पाठ झाल्या की शेवटची दहा मिनिटं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. तळघरात अडकलेला पांढऱ्या कपड्यातला एक पोऱ्या, हातात एक तास, आणि वर कुठेतरी राजकन्या. बाकी गेम्समधली माणसं तेव्हा ठोकळ्यांसारखी सरकत. हा मात्र पळायचा, घसरायचा, कठड्याला लटकायचा, आणि पडला की आपल्याच गुडघ्याला लागल्यासारखं व्हायचं. स्क्रीनच्या कडेला पोचलं की पुढची खोली एकदम समोर यायची. त्या एका क्षणासाठी आम्ही दिवसभर थांबायचो. पुढच्या खोलीत काय असेल?

चौथ्या लेव्हलला एक आरसा लागतो. त्यातून उडी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उडी मारली की आरशातून आपलीच सावली विरुद्ध बाजूला निघून पळते. पुढे ती आपल्या तोंडची औषधाची बाटली पिते, दार लावून आपल्याला खाली पाडते. आणि बाराव्या लेव्हलला समोर उभी राहते, तलवार घेऊन.

आम्ही त्या सावलीशी किती दिवस लढलो ते आता आठवत नाही. तिला एक वार केला की आपलाही एक जीव कमी व्हायचा. मारून टाकली की आपणही मेलो. आम्हाला वाटायचं, फ्लॉपी खराब आहे. एक दिवस माझ्या मित्राने वैतागून खालचा बाण दाबला. तलवार म्यान झाली. समोर सावलीनेही तलवार म्यान केली! तो तसाच पुढे चालत गेला आणि दोघं एक झाले. मग पुढे नुसती पोकळी होती, तिथे त्याने घाबरत पाऊल टाकलं तर पायाखाली एकेक फरशी आपोआप येत गेली.

आम्ही तिघंही गप्प. क्लासच्या सरांनी येऊन पाहिलं, तेही गप्प. मग म्हणाले, “चला, उठा, पुढची बॅच आली.” त्या दिवशी एसटी न घेता मी बराच रस्ता चालत गेलो. लढायचंच नसतं असा गेम असू शकतो, हे त्या वयात पचायला वेळ लागला.

या गेमच्या पोटात काय होतं ते नंतर कळलं, आणि इथे पुन्हा कुंडासारखंच झालं. हा गेम जॉर्डन मेकनर नावाच्या एका तरुणाने जवळजवळ एकट्याने लिहिला. १९८५ ला कॉलेज संपवून सुरुवात केली, १९८९ ला ॲपल टू या मशीनवर गेम आला. त्या पोऱ्याचं पळणं इतकं खरं का वाटायचं? कारण ते खरंच होतं. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चित्र गिरवून मशीनमध्ये घातलं. तलवारबाजी घेतली १९३८ च्या रॉबिनहूडच्या सिनेमातून. एवढं झाल्यावर मेमरी संपली! शत्रू काढायला जागाच उरली नाही. तेव्हा त्याने नायकाचंच चित्र घेतलं, एक बिट सरकवलं आणि मूळ चित्राशी एक्स-ऑर केलं. झाली सावली तयार! सेकंड इयरला डिजिटलच्या जर्नलमध्ये आपण जो एक्स-ऑर गेट नुसता उतरवून काढतो, तोच. आपल्याच चित्रातून निघालेला शत्रू, म्हणून तो आरशातून येतो, म्हणून त्याला मारलं की आपण मरतो. अडचणीतून अशी गोष्ट सुचणं, याला मी इंजिनीअरिंग म्हणतो. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरात जुन्या डिस्क्स सापडल्या आणि तो सगळा सोर्स कोड त्याने गिटहबवर खुला केला. सगळा असेंब्लीत आहे. मायक्रोप्रोसेसरच्या ओरलला ‘याचा उपयोग काय सर’ विचारणाऱ्यांनी एकदा उघडून बघावा.

मारिओचंही तसंच. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० केबीत बसवलेला आहे. तुमच्या व्हॉट्सॲपवरची ‘गुड मॉर्निंग’ची फुलं याहून जड असतात. त्यात वरचे ढग आणि खालची झुडपं ही एकच आकृती आहे, फक्त रंग बदललाय. जे लहानपणी खेळलेत त्यांना विचारा, कितींच्या लक्षात आलं होतं?

हॉस्टेलवर आलो तेव्हा ‘एज ऑफ एम्पायर्स टू’चा जमाना होता. पॅसेजमधून लोंबणाऱ्या लॅनच्या वायरी, रात्री दोनला कुणाच्या तरी खोलीतून आरोळी, आणि रेक्टर येताहेत म्हटल्यावर सगळीकडे एकदम ऑटोकॅड! त्या गेमचा नकाशा सुरुवातीला काळाकुट्ट असतो. एक घोडेस्वार पाठवायचा, तो जिथे जाईल तेवढंच दिसतं. माझा एक पार्टनर कॉम्प्युटरशी खेळताना बसल्या बसल्या ‘मार्को’ टाइप करून अख्खा नकाशा उघडायचा, मग ‘पोलो’ टाइप करून धुकं घालवायचा, वर ती निळी कोब्रा गाडी आणून सगळ्यांना उडवायचा. दर वेळी जिंकायचा. आणि महिनाभरात त्याने तो गेम सोडून दिला. आम्ही बाकीचे हरत हरत चार वर्षं खेळलो.

सगळे जुने गेम्स थोर होते असंही कोणी समजू नये. ‘रोड रॅश’मध्ये साखळीने लोकांना झोडपण्यात मी जे तास घालवले, ते एम-थ्रीला दिले असते तर एक केटी सुटली असती. नवल वगैरे काही नाही, नुसता कंडू शमत होता. असो.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांच्या मुलाने जे खेळलं त्यात पुढची खोली नव्हतीच. पत्ते वाटले जायचे, पैसे यायचे किंवा जायचे, परत पत्ते. मी त्याच्या फोनवर ते ॲप पाहिलं. पहिल्या दिवशी बोनस, हरल्यावर ‘आणखी एक डाव’, रात्री साडेबाराला ‘तुमची वाट पाहतोय’ असा मेसेज. याला गेम म्हणणं म्हणजे सावकाराला पाहुणा म्हणण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यातही पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे काढून त्यांवर बंदी घातली आहे आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे. सरकारला जो फरक करता आला, तो आमच्या कमिटीला करता येऊ नये?

पैशाचा खेळ नसला तरी सगळं आलबेल आहे असं मात्र मी म्हणणार नाही. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडेल असं धमकावणारे गेम्स तुमच्या सगळ्यांच्या फोनवर आहेत. कॉलेजच्या पंचाहत्तर टक्क्यांना शिव्या घालणारं पब्लिक त्यांची हजेरी शंभर टक्के भरतं! माझी कसोटी साधी आहे. मशीन बंद केल्यावर तो गेम डोक्यात काय ठेवून जातो? मला अजून ती सावली आठवते. त्या मुलाला फक्त आकडा आठवत होता, किती गेले तो.

आणि हे फक्त आमच्या पिढीचं रडगाणं नाही. गेल्या वर्षी फायनल इयरच्या एका मुलाने मला ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ दाखवला. २०१७ चा गेम, पीसीवर २०२२ मध्ये आला. त्यात जीप घेऊन आपण चक्क पश्चिम घाटात फिरतो. होयसळांच्या पडक्या इमारती, लाल माती, धबधबे. एका उंच मनोऱ्यावर चढलं की अख्खं खोरं समोर उघडतं. तो मुलगा म्हणाला, “सर, इथे मी अर्धा तास काहीच केलं नाही, नुसता उभा होतो.” मला एकदम कुंडाची पहाट आठवली. पण थोडं वाईटही वाटलं. आपला घाट आपल्याला कॅलिफोर्नियातल्या लोकांनी दाखवावा?

तर तेही पूर्ण खरं नाही. पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाची छोटी कंपनी आहे. त्यांनी २०१७ मध्ये ‘राजी’ या गेमसाठी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी ते थांबले नाहीत आणि २०२० मध्ये गेम बाजारात आला. सर्कशीतली एक मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळासारखे दाखवलेत. मारामारी मला कंटाळवाणी वाटली, खरं सांगतो. पण चांदण्यातले ते महाल आणि भिंतीवरची चित्रं बघत मी कितीदा तरी थांबलो. पुण्यात बसून हे होऊ शकतं, तर तानसाकाठच्या वाफेचा गेम तुमच्यापैकी कोणी का करू नये? पहिल्या खोलीत काहीच दिसत नाही, फक्त खोकला ऐकू येतो. घ्या, आयडिया फुकट देतो!

बैठकीत मी या वेळी हात वर करणार नाही. पैशाचे खेळ बंदच राहावेत, रात्री बारानंतर नेटवर्कही बंद ठेवा, माझी हरकत नाही. पण बाकीचं सोडा. रेक्टरसाहेबांशी बोलणं झालंय, ते अजून तयार नाहीत. ‘आधी मला दाखवा काय आहे त्यात’ म्हणाले. म्हणून पुढच्या शनिवारी चार वाजता माझ्या लॅबमध्ये जुन्या मशीनवर प्रिन्स लावतोय. ज्यांना यायचंय त्यांनी या, चपला बाहेर. बाराव्या लेव्हलला रेक्टरसाहेब बसतील. खालच्या बाणाचं मी वर सगळं लिहून बसलोय खरा, पण हा अंक शनिवारच्या आत त्यांच्या टेबलावर जाऊ देऊ नका.