पंच व्हायला नाही म्हणू नका

१९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात शेगावच्या गजानन महाराजांनी लोकमान्य टिळकांसाठी भाकरीचा प्रसाद पाठवला, ही ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथातली कथा बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. टिळकांना दोषी कोणी ठरवलं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर होते आणि सोबत नऊ जणांची खास ज्यूरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे नागरिक. ही खास ज्यूरी सरकारनेच मागून घेतली होती. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर बॅप्टिस्टांनी हरकत घेतली, की अशा ज्यूरीत गोऱ्यांचाच भरणा होईल, आणि ज्या लेखांवरून खटला भरला ते तर मराठीत आहेत. हरकत फेटाळली गेली. नऊपैकी सात युरोपियन आले, दोन पारशी. ‘केसरी’तल्या मराठीचा अर्थ सरकारी भाषांतरावरून लावू नका, हे टिळक त्यांना परोपरीने सांगत राहिले, त्यांचं भाषण एकवीस तासांहून अधिक चाललं. २२ जुलैच्या रात्री कौल आला: सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षांची शिक्षा, मंडालेला रवानगी. टिळकांवरच्याच १८९७ च्या खटल्यातही सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते, कौलही सहा विरुद्ध तीन. माझ्या मते दोन्ही वेळा निकाल ज्यूरी बसली त्याच दिवशी लागला होता.

हे फक्त इंग्रजांच्या काळातलं, असंही समजू नका. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कर्टिस फ्लॉवर्स या काळ्या माणसावर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला आणि ज्यांना वगळता येत होतं अशा ४२ काळ्या ज्यूररपैकी ४१ जणांना वगळलं. २०१९ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली.

आपल्याकडे ज्यूरी राहिली नाही. गाजलेल्या नानावटी खून खटल्यानंतर ती बदनाम झाली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उरलीसुरलीही गेली. पण माणसं निवडण्याचं काम संपलेलं नाही. ते आता मेहकर, मोताळा, सिंदखेडराजाच्या गावागावांत होतं, पंचनाम्याच्या वेळी. झडतीला त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून घ्यावेत, असं कायदा सांगतो. जातीचा त्यात उल्लेख नाही. प्रत्यक्षात हाक कोणाला जाते? चौकात बसलेल्यांना, पुढाऱ्याच्या जवळच्यांना, आरोपीच्या भावकीलासुद्धा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाला क्वचितच. आणि ज्यांना हाक जाते त्यातले शहाणे ‘नस्ती झंझट’ म्हणून शेताची वाट धरतात.

पंच पुढे कोर्टात साक्षीदार असतो, आणि साक्षीदार टिकले नाहीत की काय होतं ते तिथे दिसतं. नगर जिल्ह्यात खर्डा इथे २०१४ साली सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते.

म्हणून सांगणं एवढंच, की बोलावणं आलं तर जा. लेखी आदेश असताना सबळ कारणाशिवाय नकार देणं हाही गुन्हा आहे. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलंय का, हे वाचून मगच सही करा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. कोऱ्या कागदावर सही कधीच नको, मग साहेब कितीही ओळखीचे असोत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे; ते होतंय ना, बघा.

फिर्यादी असाल आणि पंच आरोपीच्या घरोब्यातले दिसले, तर तिथेच बोला, वरिष्ठांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आरोपी असाल तरी हाच मार्ग. एकतर्फी पंच कोणालाच परवडत नाही. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. तो वापरा.

वकिलाच्या पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००, अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६.