पट आवरू नका

राजा आणि हत्ती विरुद्ध नुसता राजा उरला की पुष्कळ घरांत मोठी माणसे म्हणतात, "जिंकलास, आता आवर पट." आम्हाला हे पटत नाही. मात अजून व्हायची असते आणि नेमकी तिथेच मुले अडतात. दोघांच्या ५०-५० चालींत काही मारले गेले नाही, प्यादेही हलले नाही, तर बरोबरी मागता येते. खरे तर हत्तीची मात जास्तीत जास्त १६ चालींची!

बालमित्रांनो, रीत सोपी आहे. हत्तीने एक आडवी ओळ अडवा. आपला राजा जवळ आणा. दोन्ही राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर आले की हत्तीने शह द्या, काळा राजा एक ओळ मागे सरेल. तो हत्तीवर चालून आला तर हत्ती त्याच ओळीत दूरच्या टोकाला न्या. पुन्हा तेच. आम्ही संगणकवाले याला लूप म्हणतो. शेवटच्या ओळीवर असाच शह म्हणजे मात.

घाई मात्र नको. काळा राजा ए८ वर, आपला सी६ वर असताना हत्ती बी७ वर ठेवला, तर शह नाही आणि त्याला चालही नाही. डाव बरोबरीत!

२०२१ मध्ये आपल्या दुबईतच, एक्स्पोमध्ये, कार्लसनने नेपोम्नियाश्चीविरुद्धचा सहावा डाव १३६ चालींत जिंकला. जगज्जेतेपदाच्या लढतींतला तो सर्वांत लांब डाव. जगज्जेता इतका वेळ बसतो, तर आपण १६ चाली बसू या.

पालकहो, या सुट्टीत दोन राजे आणि एक हत्ती एवढेच मांडा. मात झाल्यावरच पट आवरा.