गाळ कोणी उपसायचा?

डिसेंबर २०२१चा दुसरा आठवडा जगभरच्या संगणक विभागांनी जागून काढला. 'लॉगफोरजे' या जावा भाषेतल्या लायब्ररीत मोठे भगदाड सापडले होते. प्रोग्राम चालताना काय घडले याची नोंद ठेवणे, हे या लायब्ररीचे काम. पण २०१३ मध्ये तिच्यात घातलेल्या एका सोयीमुळे नोंदीत आलेला विशिष्ट मजकूर ती आज्ञा मानून पाळत होती. 'माइनक्राफ्ट' खेळाच्या चॅटमध्ये एक ओळ टाइप करून परका माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. तीव्रतेच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण मिळाले.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये आणलेल्या जावाचे मोठे बळ तिच्या लायब्रऱ्यांत आहे. एकाने घडवलेला भाग दुसऱ्याने जसाच्या तसा वापरायचा, ही ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीची शिकवण. त्यामुळे काम झपाट्याने होते आणि चूकही तितक्याच झपाट्याने पसरते. आपण लॉगफोरजे वापरतो हे कितीतरी कंपन्यांना ठाऊकही नव्हते. ती दुसऱ्याच एखाद्या लायब्ररीच्या पोटात दडलेली होती.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली ही लायब्ररी सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक होते. महिना संपायच्या आत त्यांनी दुरुस्तीच्या चार आवृत्त्या दिल्या. तरी बोल त्यांनाच लावला गेला. हा शुद्ध अन्याय होता. ती सोय त्यांनाही नकोशी होती. काढली तर जुन्या वापरकर्त्यांची अडचण होईल, म्हणून त्यांनी ती ठेवली होती. ज्या कंपन्यांचा कारभार या फुकट मिळालेल्या कोडवर चालत होता, त्यांनी तो तपासायला वेळ दिला नव्हता, पैसाही दिला नव्हता.

आपणही यातून सुटत नाही. पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या कितीतरी घरांची चूल जावावर पेटते. गावच्या विहिरीचे पाणी सगळ्यांनी भरायचे, तर गाळ उपसायलाही सगळ्यांनीच उतरले पाहिजे. कंपन्यांनी आपण वापरत असलेल्या लायब्रऱ्यांची यादी ठेवावी आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी कर्मचाऱ्यांना पगारी वेळ द्यावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अशा लायब्ररीतली एखादी खरी त्रुटी दुरुस्त करण्याचे काम अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून स्वीकारावे. पुढचे भगदाड पडण्याची वाट पाहू नये.